व्हय म्हाराजा आणि डाव्या पायाचा पट्टा

तारीख: फेब्रुवारीतला दुसरा रविवार. वेळ: सकाळी सव्वासात. ठिकाण: आमच्या वाडीच्या वरचा सडा, म्हणजे कातळाचं उघडं माळरान.

हजर: दादा (माझा थोरला भाऊ, उडणार तो), इंजिनीअरकाका (सल्ला देणारे), वेल्डर (यंत्र जोडणारे, सल्ला ऐकून स्वतःचंच करणारे), गावकर (गाऱ्हाणं घालण्यासाठी), मी (यादी). शिवाय दादाच्या कपड्यांत भरलेली वाळू, बहात्तर किलो.

गैरहजर: वहिनी. कारण: निषेध. चहा मात्र घेऊन येते म्हणाली आहे.

ही नोंद माझ्या वहीतून आहे तशी उतरवली. हायस्कुलाच्या ऑफिसात सव्वीस वर्षं काढल्यावर चार माणसं एकत्र दिसली की मला आधी हजेरी घ्यावीशी वाटते. बारशाला गेले तरी कोण आलं, कोण राहिलं याची यादी मनात सुरू असते. घरात याची चेष्टा करतात, आणि कार्य निघालं की सगळ्यांत आधी माझीच वही शोधतात. त्यामुळे दादाच्या यंत्राचं काम सुरू झालं तेव्हा वही माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

यंत्राची सुरुवात पडण्यापासून झाली. चार वर्षांपूर्वी दादा कलमावरून पडला. आमच्याकडे हापूसच्या झाडाला कलम म्हणतात, आणि हे घरामागचं कलम बागेतलं सर्वांत उंच. त्याचा शेंडा हा दादाचा खास प्रांत, तिथे गडी चढत नसत. त्या दिवशी सगळं आवरलं होतं, वहिनी खाली करंडी घेऊन उभी होती आणि उतरायला सांगत होती. "एकच फांदी" असं म्हणून दादा परत वर गेला. पुढचं वहिनी कोणाला सांगत नाही. मांडीत सळी बसवावी लागली, डावा गुडघा पुरता वाकेनासा झाला, आणि पुढचे चार महिने वहिनीने त्याला उचललं, बसवलं, फिरवलं.

तेव्हापासून दादा कलमाखाली खुर्ची टाकून बसतो आणि वर चढलेल्या गड्यांना आठवणीने सांगतो: उजव्या फांदीला धर, मागे वळ, पानांच्या आड तीन असतील. बहुतेक वेळा तीन असतात. पण आपल्याच कलमांचे शेंडे त्याने चार वर्षांत पाहिलेले नव्हते. गेल्या पावसाळ्यानंतर शेजारच्या बागेत फवारणीचा ड्रोन आला. दादा गडग्यावर, बागेच्या दगडी कुंपणावर, बसून दोन तास तो बघत राहिला. ड्रोनवाल्याला त्याने एकच गोष्ट विचारली, हे किती उचलतं. तो म्हणाला, दहा लिटर औषध. दादा घरी आला आणि त्याने वहिनीला विचारलं की आपलं वजन किती असेल. वहिनीला तिथेच कळलं. मला कळायला आठवडा लागला.

इंजिनीअरकाका म्हणजे आमच्या वाडीचे भाचे. चाळीस वर्षं दक्षिणेत हेलिकॉप्टरच्या कारखान्यात होते. निवृत्त झाल्यावर वेंगुर्ल्याच्या बाजूला काजूची बाग घेतली आणि आता काजूशी भांडत बसलेले असतात. दादाने त्यांना बोलावलं. ते आले ते हे खूळ थांबवायला. "मी फक्त सल्ला देईन. यंत्र बांधणार नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य मी लिहून ठेवलं आहे, कारण महिन्याभरात ते आमच्या ओटीवर पान्हा घेऊन पालथे पडलेले होते. काका कायम पुस्तकी मराठी बोलतात. आमच्यात वाढलेला माणूस, पण कारखान्याने जीभ सरळ केली ती केलीच. एकदाच घसरली, ते पुढे येईल.

त्यांचा पहिला सल्ला मला फार आवडला, कारण तो यादीच्या रूपात होता. यंत्राचं चित्र काढायच्या आधी तीन गोष्टी लिहायच्या: काय उचलायचं, किती वेळ, आणि कशासाठी. मी वही उघडली. काय: दादा. किती वेळ: सात मिनिटं पुरेत. कशासाठी: आंबे काढायला, असं मी लिहायला घेतलं, तर दादाने हात धरला.

"माका आंबे काढूचे नाय गो. माका माझो शेंडो बघूचो आसा."

काका म्हणाले, बघायचंच असेल तर छोट्या ड्रोनला कॅमेरा लावू, खुर्चीत बसून फोनवर सगळे शेंडे बघ. यंत्र नको, माणूस उचलायला नको, कोणी पडायला नको. बिनतोड सल्ला होता. दादाने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग तुमी दुपारी बांगड्याचो फोटो खावा," तो म्हणाला.

काका हसले आणि तिथेच फसले. तिसऱ्या ओळीत मी "शेंडा बघणे" असं लिहिलं. आत वहिनी बांगडेच तळत होती. तिने काकांना दोन वाढले आणि दादाला एक. ही तिच्या निषेधाची सुरुवात.

पण काकांचा दुसरा सल्ला वजनाचा निघाला, आणि तो वहिनीच्या बाजूने गेला. यंत्राचा जोर एकूण वजनाच्या दुप्पट हवा. त्यापेक्षा कमी असेल तर वाऱ्याच्या एका धक्क्यात सावरायला काही उरत नाही. माणसाचं वजन वाढलं की मोटरी मोठ्या, त्यासाठी बॅटरी मोठी, ती उचलायला आणखी जोर, असं ते वाढतच जातं. म्हणून सर्वांत हलका भाग म्हणजे न लावलेला भाग, आणि सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणजे माणूस बारीक करणं. काजूच्या कारखान्यातल्या काट्यावर दादा चौऱ्याऐंशी भरला. काकांनी कागदावर बहात्तर लिहिले आणि कागद वहिनीकडे दिला.

यंत्राला वहिनीचा विरोध होता, कागदाला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून दादाचा भात अर्धा झाला. उकड्या तांदळाची पेज सकाळी एक वाटी, सोलकढी हवी तेवढी, तळलेला मासा रविवारी. दादाने कुरकुर केली की तिचं एकच उत्तर ठरलेलं, "इंजिनेरान सांगल्यान ता आयकूक होया." डॉक्टर गेली चार वर्षं हेच सांगत होते, तेव्हा दादाने ऐकलं नव्हतं. तीन महिन्यांत बारा किलो उतरले. मी दर सोमवारी आकडा लिहीत होते. काकांनी वही पाहिली आणि म्हणाले की कारखान्यात असा वजनाचा तक्ता ठेवणारा माणूस त्यांना कधी मिळाला नाही. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

बॅटरीचंही तसंच झालं. पहिल्या बॅटऱ्या आल्या तेव्हा दादाने त्या माजघरात, लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवल्या. वहिनीने त्याच संध्याकाळी त्या उचलून मांगराच्या, म्हणजे बागेतल्या कोठाराच्या, ओट्यावर नेऊन ठेवल्या, लोणच्याला वास लागेल म्हणून. रविवारी काका आले आणि म्हणाले, बॅटरी घरात कधीच ठेवू नये, बिघडली तर पेट घेते. बाहेर, दगडावर, आडोशाला ठेवावी. म्हणजे निषेध आणि शास्त्र दुसऱ्यांदा एका बाजूला. वहिनी पदर खोचून आत गेली, ती जिंकल्याची चाल मला ओळखीची आहे.

बाकीचे सल्ले मी क्रमाने लिहिलेले नाहीत, कारण काका ते क्रमाने देत नसत. चहा पिताना एखादा निघे. हात चार असले तरी प्रत्येकावर दोन मोटरी, एकीच्या खाली एक, म्हणजे एक गेली तर यंत्र खुर्चीसारखं कलंडत नाही. पंख्याची पाती माणसाच्या मानेच्या पातळीवर कधीच नकोत. पायांच्या खाली, आणि त्यांना जाळीचं कडं. सगळ्या जोडण्यांना मेण, कारण आमची हवा खारी, पितळेला आठ दिवसांत हिरवं चढतं. बॅटरीतला तिसरा हिस्सा आपला नाही असं समजायचं, तो परत येण्यासाठी. आणि सर्वांत धोक्याची उंची आकाशातली नव्हे, माडाएवढी. तिथून पडलं तर मोडतं, आणि हवाई छत्री उघडायला वेळ मिळत नाही. म्हणून आपण माणसाच्या उंचीच्या वर जायचं नाही, आणि यंत्र जाड दोराने चार बाजूंनी खाली बांधलेलं राहणार. दादाने विचारलं, मग शेंडा कसा दिसणार. काका म्हणाले, आधी यंत्र गुडघ्याएवढं उठू दे, मग कमरेएवढं, मग शेंडा. माडाच्या उंचीसाठी वेगळं यंत्र लागतं, वेगळी परवानगी लागते आणि वेगळी बायको लागते. शेवटचं वहिनीला ऐकू गेलं.

परवानगीचा अर्ज माझ्याकडे होता. विषय लिहिताना मी दोन दिवस अडले. वाहन म्हणावं तर चाक नाही, शेतीचं अवजार म्हणावं तर माणूस बसतो. शेवटी "दोराने बांधलेले, माणूस बसण्याजोगे, चाचणीचे यंत्र" असं लिहिलं. कचेरीतल्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं की पतंगाच्या सदरात घालू का. मी नको म्हटलं. उत्तर आलं ते असं की चाचणी माणसाशिवाय, स्वतःच्या जमिनीवर, दोराच्या आत करायला हरकत नाही. माणूस बसवायच्या आधी काकांनी लेखी तपासणी करून पाठवावी. सडा दादाचाच आहे. म्हणून वाळू.

वाळूच्या आधी नारळ होते. दादाने पहिल्यांदा पोत्यात नारळ भरून आणले, घरचे म्हणून. काकांनी पोतं खुर्चीत ठेवायला लावलं, खुर्ची जरा तिरकी केली, आणि नारळ एका बाजूला गडगडले. काका म्हणाले, वजन बरोबर असून उपयोग नाही, ते जागेवर राहिलं पाहिजे. माणूस असा गडगडत नाही. मग दादाने स्वतःचा चौकडीचा शर्ट आणि जुनी पँट आणली, हातपाय शिवून त्यांत वाळू भरली आणि डावा पाय मुद्दाम सरळ ठेवला, कारण यंत्राची खुर्ची त्याच पायाच्या मापाने केली होती. सरळ पायाला टेकू, आणि त्याला वेगळा पट्टा. कमरेच्या पट्ट्याचं टोक ह्या पायाच्या पट्ट्यात अडकत असे; हा सुटला तर तोही सुटणार. ही काकांना आवडलेली रचना नव्हती, पण त्या पायाला दुसरी जमेना. डोक्याच्या जागी मात्र दादाने एक नारळ ठेवलाच, सोललेला, वर टोपी. काकांनी डोळे मिटून घेतले आणि चालू दे म्हणाले.

आता त्या रविवारकडे येते.

सकाळी रानाकडून येणारा मतलई वारा पडतो आणि समुद्रावरून येणारा खारा वारा अजून सुटलेला नसतो, असा एक तास आमच्याकडे असतो. काकांनी तोच धरला होता. यंत्र सड्याच्या मधोमध, चार दोर कातळात ठोकलेल्या पहारींना. काका बाजूला, हातात यंत्र दुरून चालवण्याचा डबा. कातळावरचे बारीक खडे पंख्यांच्या वाऱ्याने उडतात म्हणून वेल्डरनी आदल्या दिवशी जागा झाडून काढली होती, नेमकी काकांनी दाखवली त्याच्या पलीकडची.

काकांचा शेवटचा आणि त्यांच्या मते सर्वांत महत्त्वाचा सल्ला यादीचा होता. यंत्र सुरू करण्याआधी प्रत्येक गोष्ट एकाने मोठ्याने विचारायची, दुसऱ्याने बघून उत्तर द्यायचं. आठवणीवर सोडायचं नाही. माणूस रोज करतो तीच गोष्ट विसरतो. मी एकतीस प्रश्न लिहिले होते, सुवाच्य अक्षरात, काकांनी तपासलेले. माझ्या आयुष्यात माझ्या यादीला एवढा मान कधी मिळाला नव्हता. नवी कोरी वही घेतली होती.

पण यादीच्या आधी गाऱ्हाणं. इथे विहीर खणा, दुकान काढा, गाडी घ्या, गावकर, म्हणजे गावचे मानकरी, देवापुढे उभे राहून काय काय वाकडं होऊ शकतं ते एकेक बोलून दाखवतात आणि ते दूर कर म्हणतात. बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. काकांची हरकत नव्हती. ते मला हळूच म्हणालेही की ही पद्धत चांगली आहे, काय बिघडू शकतं याची यादी आम्ही कारखान्यात महिनाभर बसून करत असू, तुमचे गावकर पाच मिनिटांत करतात. गावकरांनी आदल्या दिवशी माझी यादी मागून नेली होती. आपलं काम ते नीट करतात. नारळ पानावर ठेवून त्यांनी सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां ह्या यंत्र उडवूचो घाट घालतत, तर तेंच्या वाटेत काय आडवा-तिडवा आसात ता दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"खंयची वाकडी नजर लागली आसात, खंयचो नट ढिलो रवलो आसात, तर तो तूच बगून घी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे. काकांचा आवाज सर्वांत मोठा. लहानपणीची सवय.

बॅटरी, दोर, पाती, खारा वारा, शेजारच्या बागेतली माकडं, काकांची साखर, सगळं त्यात आलं. गाऱ्हाणं संपलं, आणि मी लगेच वही उघडली. लगेच, ही चूक माझी. मध्ये दोन मिनिटं जायला हवी होती, एखादा खोकला, एखादी विडी. कानात तीच चाल घुमत होती आणि मी त्याच चालीत वाचायला लागले.

दोर चारही ताणलेत?

व्हय म्हाराजा.

बॅटरीची टोकं घट्ट?

व्हय म्हाराजा.

मला ते जरा गमतीचं वाटलं, आणि बरंही. सगळे एका सुरात. एकतीस प्रश्न सरसर सुटले. वेल्डरनी नटांवर बोट ठेवायचं होतं, ते हात जोडून उभे होते. काकांनी बॅटरीचा आकडा वाचायचा होता, त्यांनीही म्हाराजाच म्हटलं. एकोणिसावा प्रश्न डाव्या पायाच्या पट्ट्याचा. व्हय म्हाराजा. मी खूण केली, टोकदार पेन्सिलीने, व्यवस्थित.

यंत्र उठलं. गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं. आवाज असा की खालच्या वाडीतली कुत्री गप्प झाली. चौकडीच्या शर्टातला दादा टोपी घालून हवेत बसला होता, आणि खरा दादा माझ्या शेजारी उभा राहून त्याच्याकडे बघत होता. त्याने माझा दंड धरला होता. ते यंत्र छातीएवढं झालं, जरासं डावीकडे झुकलं, आणि वाळूचा दादा डाव्या बाजूने सरकला, लोंबला आणि कातळावर पडला.

यंत्र हलकं होऊन उसळलं, दोरांनी ते धरलं, काकांनी ते खाली आणलं. एक पाय वाकला, बाकी काही नाही. पडलेल्याचं डोकं मात्र फुटलं होतं. टोपी एका बाजूला, कातळावर पाणी पसरत चाललेलं. गावकर म्हणाले की नारळ फुटला, देवाने मानून घेतलं, आता काम होणार. वेल्डरनी खोबऱ्याचे दोन तुकडे उचलून फुंकलेसुद्धा.

तेव्हा मी मागे बघितलं. वहिनी पायवाटेच्या तोंडाशी उभी होती, एका हातात चहाची किटली, दुसऱ्यात कप. किती वेळ उभी होती माहीत नाही. तिने किटली खाली ठेवली, कप ओळीने मांडले, आणि चालत त्या शर्टापाशी गेली. खाली बसली. गुंड्या सोडल्या, वाळू बाहेर ओतली, शर्ट झटकला, घडी घातली. कोणी जवळ जाईना.

"ह्यो शर्ट परत तेका घालू नकात," ती म्हणाली. मग पट्टा उचलून बघितला. तो तुटला नव्हता. लावलाच नव्हता.

"पट्टो लावलो काय, ता कोणी इचारल्यान?"

मी म्हटलं, मी.

"आणि व्हय कोणी म्हटल्यान?"

म्हटलं सगळ्यांनीच होतं. दादा खाली बघत होता. शेवटी काकांनीच तोंड उघडलं, आणि त्या चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांची जीभ घरी आली.

"चाळीस वर्सां लोकांक ह्याच शिकयलंय मी. आणि हंय येवन मीच व्हय म्हाराजा म्हटलंय."

चहा आम्ही उभ्यानेच प्यायलो. आपल्या गाऱ्हाण्यावर ठपका येतो की काय अशी गावकरांना शंका असावी. कप ठेवताना ते वेल्डरकडे बघून बोलले, पण ते सगळ्यांसाठी होतं. "देवाक व्हय म्हणूचा आसता. पट्टो हात लावन बगूचो आसता." मी हे वहीत लिहून घेतलं. इतक्या महिन्यांत मिळालेल्या सल्ल्यांत सर्वांत सोपा हाच.

त्या आठवड्यात मी रागाने यादी फाडली. काकांनी फोनवर सांगितलं की चूक माणसांची नाही, प्रश्नांची आहे: ज्या प्रश्नाला व्हय म्हणता येतं तो प्रश्न वाईट. माझा राग गेला, पण कागद वाया गेले. एकतीस प्रश्न मी नव्याने लिहिले. "पट्टा लावला का" याऐवजी "पट्टा कितव्या भोकात". "बॅटरी भरली का" याऐवजी "आकडा वाच". "नट घट्ट आहेत का" याऐवजी "किती नट मोजले". दोन नवे प्रश्न आले, एकूण तेहतीस. शाळेतही मी हळूच हे लावून बघितलं. "सर्व वर्गांना सूचना कळवली का" याला शिपाई गेली दहा वर्षं हो म्हणत आलेले. "किती वर्गांना कळवली" असं विचारलं, तर ते डोकं खाजवत परत गेले आणि पाच वर्ग हिंडून आले. आमच्याकडे वर्ग नऊ आहेत.

प्रश्न विचारायचे कोणी, हा मुद्दा होता. मी विचारले तर ती चाल परत येणार, असं काकांचं म्हणणं. मला ते लागलं, पण बरोबर होतं. मी वही घेऊन वहिनीकडे गेले. मला वाटलं होतं ती हाकलून देईल. तिने हात पुसले, चष्मा लावला, तेहतीस प्रश्न उभ्याउभ्या वाचले आणि म्हणाली की पायाच्या पट्ट्याचा प्रश्न एकोणिसावा कशाला, तो पहिला घे. मग म्हणाली की विचारीन, पण चौतिसावा प्रश्न माझा, आणि तो दादा बसायच्या दिवशी मीच सांगेन.

पुढच्या तीन रविवारी वाळूच होती, साध्या पोत्यात, डोक्याशिवाय. वहिनी विचारत होती. तिच्यापुढे व्हय म्हाराजा म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही. वेल्डरनी एकदा नट मोजल्याशिवाय सोळा सांगितले. ती म्हणाली, हात लावन सांग. ते पंधरा होते. सोळावा त्यांच्याच खिशात सापडला. तिन्ही वेळा यंत्र उठलं, छातीएवढं थांबलं, उतरलं. काकांनी तपासणीचा कागद लिहिला, मी तो पाठवला, आणि मे सुरू व्हायच्या आत उत्तर आलं: दोराच्या आत, माणसाच्या उंचीपर्यंत, काका हजर असताना, चालेल.

तो रविवार मी इथे लांबवणार नाही. दादा नवा शर्ट घालून खुर्चीत बसला, सरळ पाय टेकूवर, वजन एकाहत्तर. वहिनीने समोर उभं राहून तेहतीस प्रश्न विचारले. तेहतीस आकडे मिळाले. मतलई पडला होता. काकांनी डबा हातात घेतला. मग वहिनीने वही मिटली आणि चौतिसावा विचारला.

"किती येळा?"

दादाला कळलं नाही, किंवा कळलं. "किती येळा काय?"

"किती येळा वर जातलास?"

"एकदाच गो," दादा म्हणाला. "गुडघ्यायेवढा."

"त्या दिवशी पण एकच फांदी म्हटलंस."

हा आकडा दादाकडे नव्हता, आणि खोटा द्यायला त्याला जमत नाही, निदान तिच्यासमोर. काका डबा खाली ठेवून लांब समुद्राकडे बघत राहिले. तेवढ्यात खारा वारा सुटला, आणि दादाने स्वतःच पट्टा सोडला. पायाचा आधी, मग कमरेचा. वहिनीने त्याला हात दिला, त्याने तो घेतला, आणि दोघं उतरून चहाकडे गेली. तिने त्याच्या बशीत दोन बिस्किटं ठेवली. ठरल्यापेक्षा एक जास्त.

आता मे अर्धा झाला. पाऊस सुरू झाला की सडा निसरडा होतो, मग दिवाळीपर्यंत यंत्र मांगरात ताडपत्रीखाली. चार रविवार उरलेत. दादा रोज संध्याकाळी जाऊन जोडण्यांना मेण लावून येतो आणि घरामागच्या कलमाखाली थोडा वेळ उभा राहतो. परवा मी विचारलं, एक आकडा सांगून टाक ना, दोन सांग, तीन सांग, ती हो म्हणेल. तो म्हणाला, ती हो म्हणेल म्हणूनच विचार करतोय.

वहीत आजची नोंद: प्रश्न तेहतीस, उत्तरं तेहतीस. प्रश्न चौतिसावा, समोरची जागा रिकामी. बाकी काम: दादाकडून आकडा घेणे.